आठवड्यातला एक वार

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि वर्धा जिल्ह्यात, वर्धा नदीच्या पुलालगतचे पुलगाव वाढू लागले. त्या शतकाच्या अखेरीस इथे कापसाची गिरणी उभी राहिली. १९१७ मध्ये आर्वीपर्यंत ३५ किलोमीटरची छोटी गाडी धावू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराचा दारूगोळा डेपो आला. आजचे पुलगाव कोणा देवस्थानाभोवती किंवा जहागीरदाराच्या वाड्याभोवती वाढलेले नाही, ते कामाभोवती वाढले. आजूबाजूच्या खेड्यांतून आणि परप्रांतांतून माणसे आली ती मजुरीसाठी, आणि त्यांच्या एकमेकांशी गाठी पडल्या त्याही कामाच्या निमित्ताने. पाळी सुटली की चौघे बरोबर घराकडे निघत. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारावर जाऊन विचारपूस करी. गाडीची वाट पाहताना फलाटावर तासभर गप्पा होत. त्या भेटींना कोणी सेवा म्हणत नव्हते, कारण त्या कोणी ठरवून करत नव्हते.

गिरणीचा भोंगा थांबून बरीच वर्षे झाली. आर्वीची गाडीही थांबली. डेपो आहे, पण तिथून निवृत्त झालेल्याला पुन्हा त्या फाटकातून आत जाण्याचे कारण उरत नाही. गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला, मुलगी सासरी, बायको गेलेली. किंवा उलट: तो गेला आणि ती एकटी मागे राहिली, आणि हेच जास्त घडते. ज्यांचे पाय चालतात त्यांचे अजून बरे आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. वर्धेला नातीकडे, आर्वीला बहिणीकडे, देवदर्शनाला असे करत दिवस जातो. प्रश्न आहे तो ज्यांना ओसरीच्या दोन पायऱ्या उतरणे जड झाले आहे त्यांचा. त्यांना विचारले तर ते पैशाची तक्रार नंतर करतात. आधी म्हणतात, ‘करमत नाही बापा.’

या करमत नसण्याला आता जगभर सरकारी दप्तरात जागा मिळाली आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये खास आयोग बसवला. आपल्याकडे मात्र अजून या प्रश्नाचे उत्तर ‘पूर्वी एकत्र कुटुंब होते’ या एका वाक्यात दिले जाते. ते वाक्य अर्धवट खरे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. बालमृत्यू घटले हे त्याचे मोठे कारण असले, तरी इतकी माणसे इतकी वर्षे म्हातारी राहण्याचा अनुभव आपल्या समाजाला कधी नव्हताच. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. महाराष्ट्रातले त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्क्यांपेक्षा जास्त. जुन्या वाड्यांतली म्हातारी माणसे काही सगळी गोतावळ्यात रमलेली नव्हती. मागच्या खोलीत बसवलेली विधवा आत्या, जिच्याशी दिवसभरात कोणी दोन वाक्ये बोलत नसे, तीही त्या भरल्या घरातलीच. म्हणून मागे जाऊन काही आणायचे असेल तर ते कुटुंब नव्हे. कुटुंबाबाहेरच्या माणसाची काळजी घेण्याच्या ज्या रीती या मुलखाने घडवल्या, त्या आणायला हव्यात. आणि वर्धा जिल्ह्याइतक्या अशा रीती क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने पाहिल्या असतील.

सेवाग्राम आश्रमात आजही परचुरे कुटी दाखवतात. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित, गांधीजींबरोबर येरवड्याच्या तुरुंगात राहिलेले. त्यांना कुष्ठरोग झाला आणि १९३९ मध्ये ते सेवाग्रामला येऊन दाखल झाले. त्या काळात कुष्ठरोग्याला सावलीलाही उभे करत नसत. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीपासून जवळच झोपडी बांधून घेतली आणि रोज ठरल्या वेळी ते त्यांच्याकडे जाऊ लागले. जखमा पाहत, अंगाला मालिश करत. या प्रसंगाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते आणि त्यातली करुणा सर्वांना जाणवते. मला त्यातल्या दोन साध्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ती भेट रोजची होती. देशाचे राजकारण खांद्यावर असलेला माणूस घड्याळ लावून जात होता, जमेल तेव्हा नव्हे. दुसरी म्हणजे शास्त्रीबुवांना नुसते रुग्ण म्हणून ठेवलेले नव्हते. त्यांच्यापाशी संस्कृत होते आणि आश्रमातली माणसे ते त्यांच्याकडून शिकत. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी चालू होते. त्याच्या तीन वर्षे आधीच, १९३६ मध्ये, विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले होते. घराने बाहेर काढलेल्या माणसाजवळ जाऊन बसायचे, हा धडा या जिल्ह्याने पोथीतून घेतलेला नाही, हाताने गिरवलेला आहे.

नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात मोझरीला, १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखा विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पसरल्या. सामुदायिक प्रार्थना हा या मंडळांचा नेम. सांजच्या वेळी खंजिरी वाजली की गावातली म्हातारी मंडळी टोप्या सारख्या करत चटईवर येऊन बसत. बाहेरून पाहणाऱ्याला ते भजन वाटेल. पण त्याच बैठकीत कोण आला आणि कोण आला नाही हे रोज कळत असे, आणि न आलेल्याच्या घरी परत जाताना कोणी डोकावत असे. मंडळाने हजेरीपट न ठेवताही गावातल्या वृद्धांची रोजची हजेरी घेतली जात होती. काही गावांत हे अजून चालते. पुलगावसारख्या गावात, जिथे एका गल्लीत चार प्रांतांची माणसे राहतात, तिथे सगळ्यांना एका चटईवर आणणारी अशी जागा आता शोधावी लागते.

आणखी एक जुनी रीत आहे. माझ्या मते या प्रश्नाला तीच सर्वांत जवळची आहे. शिक्षणासाठी शहरात आलेल्या गरीब मुलाला जेवायला घर नसे. तो सात घरे धरून वार लावून घेई. सोमवारी एका घरी पान, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणत्याही घरावर रोजचा बोजा नाही, आणि मुलाचा एकही दिवस उपाशी नाही. महाराष्ट्रातल्या किती विद्वानांचे शिक्षण या वारांवर झाले याची गणती नाही. या रीतीचा दोषही तितकाच उघड होता. वार मिळायचे ते बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांना, ब्राह्मणांच्याच घरी. बाकीच्यांना कोणी पान वाढत नव्हते, म्हणून राजर्षी शाहूंना कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे काढावी लागली. तो दोष विसरून ही रीत परत आणता येणार नाही. पण तिच्यातली रचना अजोड होती: मोठी गरज सात छोट्या हिश्शांत वाटायची, प्रत्येक हिश्शाला एक दिवस आणि एक घर नेमून द्यायचे. तेव्हा मुलाला जेवणाचा वार लागत होता. आज म्हाताऱ्या माणसाला बोलण्याचा वार लावता येईल. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता अमुक मुलगा येणार, हे त्या आजीला सोमवारपासून माहीत असले पाहिजे. भेटीचे निम्मे सुख त्या वाट पाहण्यात असते.

हे करायला सरकारी आदेश लागेल असे कोणी म्हणेल, तर तो आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ चा. मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवण्याचा कायदा म्हणून तो लोकांना ठाऊक आहे. पण त्याखाली केंद्राने आखून दिलेल्या आदर्श नियमांत एक तरतूद आहे, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. प्रत्येक पोलिस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवावी. ठाण्याच्या प्रतिनिधीने शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवक सोबत घेऊन महिन्यातून निदान एकदा त्यांना भेटावे. ठाणेवार स्वयंसेवकांच्या समित्या नेमाव्यात. महाराष्ट्राने आपले नियम २०१० मध्ये केले. राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ चे. २०१८ मध्ये ज्येष्ठत्वाची वयोमर्यादा ६५ वरून ६० वर आणली. १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात २०१०-११ मध्ये सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने जावे, हा त्याचा भाग आहे. म्हणजे घरी जाऊन भेटण्याची कल्पना कागदावर दोनदा लिहिलेली आहे, पोलिसांच्या नियमात आणि आरोग्याच्या कार्यक्रमातही. ज्याच्यासाठी लिहिली त्या म्हाताऱ्याला मात्र ती ठाऊक नसते.

त्याच्या ओळखीची सरकारी भेट एकच, नोव्हेंबरातली. पेन्शन चालू राहावी म्हणून हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२० पासून ज्याला घराबाहेर पडवत नाही त्याच्याकडे पोस्टमन यंत्र घेऊन घरी येऊ शकतो, अंगठा घेतो आणि जातो. सोय चांगली आहे आणि पोस्टमनचे कष्टही खरे आहेत. पण ज्याच्या दारावर वर्षातून एकदाच कोणी येते आणि तेही तो जिवंत आहे का एवढेच पाहायला, त्या माणसाची काय अवस्था होत असेल याचा विचार गावाने करायला हवा. आपल्या गल्लीत अशी किती दारे आहेत, याचे उत्तर पुलगावात आज कोणाकडे लिहिलेले आहे? भारतातल्या वृद्धांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, २०१७-१८ मध्ये, साठीच्या वरचे शंभरातले सुमारे सहा जण पूर्ण एकटे राहत असल्याचे आढळले. आपल्या जिल्ह्यात या आकड्याला आणखी एक पदर आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे खास पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना दिले गेले त्यांत वर्धा होता. मुलगा गेल्यावर मागे राहिलेले आई-बाप आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्याकडे भेटायला जाणारा माणूस काय बोलावे हे न कळून जाणेच टाळतो, आणि वर्षे निघून जातात.

बाहेर कुठे हे जमले आहे का? आपल्याच देशात, केरळात जमले आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी दुर्धर आजाऱ्यांच्या वेदना कमी करण्यासाठी संस्था काढली. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्यातून शेजाऱ्यांची जाळी तयार झाली. ज्याला आठवड्याला निदान दोन तास देता येतात त्याला घ्यायचे, थोडे प्रशिक्षण द्यायचे, आणि आपल्याच वस्तीतल्या अंथरुणावरच्या माणसांकडे पाठवायचे. रिक्षावाले, दुकानदार, शाळामास्तर, गृहिणी. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यावर धोरण केले. आधी लोकांनी केले, मग सरकार मागून आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जपानात याला शंभरावर वर्षे झाली. १९१७ मध्ये ओकायामा प्रांतात आणि पुढच्या वर्षी ओसाकात बिनपगारी मोहल्ला-प्रतिनिधी नेमण्याची पद्धत सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त असे प्रतिनिधी आहेत, तीन वर्षांची मुदत, पगार नाही. एकट्या वृद्धांच्या घरी जाणे हे त्यांचे मोठे काम. अलीकडे त्यांचेच वय वाढले आहे आणि नवे लोक मिळेनासे झाले आहेत. म्हाताऱ्यांनीच म्हाताऱ्यांकडे जायचे, अशी वेळ तिथे येत आहे. यावरून धडा घ्यायचा तर तरुणांना पहिल्या दिवसापासून या कामात घ्यावे लागेल.

विदर्भापुरता मात्र सगळ्यात मोठा धडा उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो हे इथे कोणाला सांगायला नको. म्हातारपणी तहान कळेनाशी होते. काही औषधांनी अंगातले पाणी आणखी कमी होते. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत रात्रीही उकाडा उतरत नाही. ज्याला कोणी ‘पाणी पिलात का?’ विचारायला नाही, तो दुपारी निजतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची शुद्ध हरपलेली असते. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेच्या वर माणसे दगावली, त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा होता. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर मृत्यू कुठे जास्त झाले याचा शोध घेतला. शेजारी-शेजारी असलेल्या, सारख्याच गरीब दोन वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण फार वेगळे होते. जिथे रस्त्यावर दुकाने होती, माणसांची ये-जा होती, तिथे म्हातारी माणसे घराबाहेर पडत होती आणि जास्त संख्येने वाचली. २००३ च्या ऑगस्टात फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे गेली, बहुतेक वृद्ध. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. महापौराने एकट्या वृद्धांची नोंदवही ठेवायची आणि लाट आली की त्यातल्या प्रत्येकाशी संपर्क साधायचा. थंड हवेच्या त्या देशाला पंधरा हजार मृत्यूंनंतर जे सुचले, ते वर्धा-चंद्रपूरच्या पट्ट्यात आधीच असायला हवे होते. भेटीगाठी हा भावनेचा विषय आहे, आरोग्याचा नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी मे महिन्यातली एक दुपार पत्र्याच्या खोलीत काढावी.

पुलगावला लागणारी माणसे गावातच आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. त्यातल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजकार्य करायचे असते. आजवर हे तास बहुधा खड्डे खणण्यात आणि रॅलीत जातात. यातला आठवड्याचा एक तास एका वृद्धाला दिला तर वर्षात चाळीसेक तास होतात. तरी झाडांसाठी आणि रॅलीसाठी ऐंशी तास उरतातच. याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९६९ पासून दाखवून दिले आहे की विद्यार्थ्यांची तुकडीच्या तुकडी एखाद्या गावाशी जोडता येते आणि मुले गावात जाऊन राहू शकतात. त्यात दडपून जाण्यासारखे काही नाही. ज्याने आयुष्यात कधी म्हाताऱ्याच्या बाजेवर बसून त्याचे ऐकलेले नाही, तो उद्या डॉक्टर, तलाठी किंवा बँकेचा कारकून होऊन त्यांच्याशी कसा बोलेल?

पण एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. दर १ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल, श्रीफळ आणि फोटो होतात. त्या दिवशी आलेली मुले पुढच्या आठवड्यात येत नाहीत. दोनदा येऊन तिसऱ्यांदा न येणारा माणूस त्या म्हातारीला पहिल्यापेक्षा जास्त एकटे करून जातो, कारण ती पाच वाजल्यापासून दाराकडे पाहत बसलेली असते. म्हणून ज्याला वर्षभर जमणार नाही त्याने सुरूच करू नये. परीक्षेच्या महिन्यात कोण जाईल, हे आधी ठरवून जोड्या लावाव्यात. दोघांनी मिळून जावे. त्यामुळे खाडाही पडत नाही आणि घरात अनोळखी पोरगा शिरल्याची भीतीही राहत नाही. ठाण्याकडे आणि महाविद्यालयाकडे दोघांची नावे असावीत. पैसे, दागिने, एटीएमचा आकडा यांना हात लावायचा नाही, म्हाताऱ्याने आग्रह केला तरी नाही. बँकेचे काम असेल तर ते घरातल्या किंवा शेजारच्या माणसादेखत व्हावे.

आणि जाऊन करायचे काय? औषधाच्या गोळ्या वेगळ्या करून ठेवणे, पेपर वाचून दाखवणे, मोबाइलमधला आवाज वाढवून देणे, हे होईलच. पण परचुरेशास्त्रींची गोष्ट इथे उपयोगी पडते. म्हाताऱ्याकडे काही मागायला जावे. गिरणीत साचेखाते कसे चालायचे, बदली कामगाराला सकाळी फाटकावर कसे उभे राहावे लागे, रात्रपाळीला डब्यात काय असे, आर्वीच्या गाडीत कापसाच्या हंगामात किती गर्दी होई, यातले बहुतेक कोणत्याही पुस्तकात नाही. ते या गावातल्या शंभर-दोनशे माणसांच्या डोक्यात आहे आणि दरवर्षी कमी होते आहे. विद्यार्थ्याने वही घेऊन बसावे आणि विचारावे. इतिहासाच्या विभागाने तो प्रकल्प म्हणून गुणांसह घ्यावा. ज्या बाईने आयुष्यभर कापूस वेचला तिला बियाण्यांच्या जुन्या जातींबद्दल विचारावे. ‘आजी, कशी आहेस?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ एवढेच उत्तर येते आणि बोलणे संपते. ‘आजी, तुमच्या वेळी वेचणीची मजुरी काय होती?’ म्हटले की तास अपुरा पडतो.

वारांच्या जुन्या रीतीत जे सुटले ते इथे सुटू नये. यादी आधी वस्त्यावस्त्यांतून, शेजारच्या नाचणगावच्या कडेच्या घरांतून, भाड्याच्या खोल्यांतून व्हायला हवी. ज्यांचे नाव ज्येष्ठ नागरिक संघाच्या वहीत नाही, कारण त्यांना संघाची वर्गणी देववली नाही, ती नावे आधी घ्यावीत. आशाताई आणि पोस्टमन यांना अशी घरे तोंडपाठ असतात. नगरपरिषद, ठाणे, महाविद्यालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ हे त्यांच्याबरोबर दोन दिवस बसले तरी गावाची यादी होईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या नव्या तुकड्या जून-जुलैत ठरतात. दिवाळीपर्यंत मुले शिकून तयार होतील, आणि यादी व जोड्या जानेवारीअखेर पक्क्या झाल्या तर होळीनंतर ऊन चढण्याआधी प्रत्येक दारावर कोणाचा वार आहे हे ठरलेले असेल. मार्च ते जून या चार महिन्यांत मात्र आठवड्याचा एक वार पुरणार नाही. त्या काळात सकाळी एकदा आणि उन्हे उतरल्यावर एकदा असे रोज कोणीतरी जायला हवे, आणि त्यासाठी गल्लीतल्या शेजाऱ्यांचे वार आताच लावायला घ्यावेत.